दसऱ्याला पुजायची पोथी उघडावी का?

सुरसागरकाठ
मंगळवार, रात्री १०:१५

वडोद्याच्या दांडिया बाजारातला आमचा वाडा शेवटी विकायचा ठरला. गेले पंधरा दिवस माळे रिकामे करतोय. तांब्या-पितळेची भांडी वाटली गेली, शिसवी पलंगाला गिऱ्हाईक मिळालं. अडलंय ते एका वस्तूवर.

आमच्या देवघरात तांबड्या खारव्यात बांधलेली एक पोथी आहे. दसऱ्याला ती पाटावर येते. शेजारी आम्हा मुलांच्या पाट्या (त्यावर एकच्या आकड्यांची सरस्वती), शाळेची पुस्तकं, आजोबांचं फाउंटन पेन. हळदकुंकू, फूल, आपट्याचं पान, साखरेचा नैवेद्य, नमस्कार. दुसऱ्या दिवशी पोथी परत देवघरात. बांधलेलीच. माझ्या आठवणीत ती कधी सुटलेली नाही, वडिलांच्याही नव्हती. घरात सगळे म्हणतात ती ज्ञानेश्वरी आहे, पणजोबांच्या आजोबांना कुणा सत्पुरुषाने दिलेली. सत्पुरुषाचं नाव दर पिढीत बदलतं.

पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो उघडू, बघू, एखाद्या संस्थेला देऊ. आत्या (वय ८४, वाड्यात शेवटपर्यंत राहिलेली तीच) म्हणते, पोथी वाचायला नाही, ठेवायला आहे. मी मध्ये. एका संस्थेत विचारून आलो, तर ‘नमुन्यात अर्ज करा, सोबत ग्रंथाचं नाव आणि पानांची संख्या लिहा’ असं उत्तर मिळालं. नाव माहीत असतं तर कशाला गेलो असतो?

दसरा नऊ दिवसांवर आलाय. तुमच्याकडे असं काही आहे का? न वाचता पुजलेलं पुस्तक?

---

शंकासुर
मंगळवार, रात्री १०:५२

असं काही म्हणजे? आमच्या अलकापुरीत निम्म्या घरांत तेच आहे, फक्त हळदकुंकू नाही. ओळखीचे एक गृहस्थ आहेत, इंटिरिअरवाल्याने त्यांच्या बैठकीत भिंतभर कपाट केलं आणि पुस्तकं फुटाच्या हिशेबाने आणली. रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेले कायद्याचे जाडजूड ग्रंथ, चामडी पाठीचे, एका रंगाचे. गृहस्थांचा धंदा केमिकलचा. मी एक काढायला गेलो तर म्हणाले, ‘राहू द्या, ओळ बिघडेल.’

करोनात तर प्रत्येक जण कपाटापुढे बसूनच जगाला सल्ला देत होता.

तुमची आत्या निदान सरळ सांगते, वाचायला नाही. यांना तेवढंही जमत नाही.

---

माजघर
बुधवार, दुपारी २:२०

शंकासुर, थट्टा ठीक आहे, पण ‘न वाचता’ या शब्दावर मी जरा अडले.

माझे सासरे दरवर्षी दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह करायचे. वडोद्यात दत्तभक्ती किती, ते इथल्यांना सांगायला नको. नर्मदाकाठी एकीकडे नारेश्वर, एकीकडे गरुडेश्वर. सात दिवस सोवळं, एकभुक्त, जमिनीवर चटई. पहाटे चौरंगावर पोथी सुटायची. सुट्या आडव्या पानांची. वाचलेलं पान उचलून डावीकडे पालथं ठेवायचं. वाचण्याचा वेग असा की शब्द वेगळा काढता यायचा नाही. एकदा नातवाने विचारलं, ‘आजोबा, गोष्ट काय आहे?’ तर म्हणाले, ‘संध्याकाळी सांगतो, आता ओवी तुटेल.’

बायकांनी गुरुचरित्र वाचायचं नाही, हा घरचा दंडक. मी माजघरात सोवळ्याचा स्वयंपाक करायची. तेवीस वर्षं. पानाचा आवाज, मध्येच पाण्याचा घोट, अध्याय संपला की ‘अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त’. चौदाव्या अध्यायाला त्यांचा आवाज खाली यायचा, तेव्हा मी भाताखालचा गॅस बारीक करायची, कारण अजून किती वाचन उरलंय ते मला कळायचं. पोथीला हात न लावता मला अर्धी पोथी पाठ झाली. अर्थ? थोडा लागतो, बराच नाही लागत.

ते गेल्यावर पोथी माझ्याकडे आली. पहिल्या वर्षी मी ती नुसती सोडली, पुसली आणि परत बांधली. दुसऱ्या वर्षी वाचली. घरात कुणी काही बोललं नाही. माझ्या वेगाने वाचायला दहा दिवस लागले, सप्ताहाचा दशाह झाला.

तेव्हा सुरसागरकाठ, तुमच्या आत्याबाईंनी त्या पोथीचं काय काय केलंय ते आधी विचारा. ‘वाचली नाही’ म्हणजे काहीच केलं नाही असं नसतं.

---

काळा_कोट
बुधवार, दुपारी ३:०५

थोडं अवांतर. पुस्तकावर हात ठेवून शपथ हा प्रकार लोक कोर्टात शोधतात. एक आजी साक्षीला आल्या, इकडे तिकडे बघत मला म्हणाल्या, ‘गीता कुठाय?’ मी सांगितलं, ते सिनेमात. १९६९च्या शपथ कायद्यात पुस्तक नाही, ईश्वरसाक्ष शपथ घ्या किंवा गांभीर्याने प्रतिज्ञा करा, झालं. आजींचं समाधान होईना. पिशवीतून स्वतःची छोटी हरिपाठाची वही काढली, मुठीत धरली आणि मग साक्ष दिली. न्यायाधीशांनी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

---

बोरूबहाद्दर
बुधवार, रात्री ९:३०

@सुरसागरकाठ, दोन प्रश्न. उघडू नका, बाहेरूनच सांगा.

१. बांधलेला गठ्ठा आडवा आहे की उभा?
२. खारव्याच्या आत लाकडी फळ्या लागतात का हाताला?

---

सुरसागरकाठ
बुधवार, रात्री १०:१०

आताच आत्याच्या देखत चाचपून आलो. फळ्या नाहीत. आकार उभा, अरुंद, साधारण कोपरापासून बोटांपर्यंत लांब. का?

---

बोरूबहाद्दर
बुधवार, रात्री १०:१४

काही नाही. पोथी आडवी असते, वर माजघर ताईंनी लिहिलंय तशी. उभी मी तरी क्वचितच पाहिलीय. दसऱ्यानंतर बोलू.

---

शंकासुर
बुधवार, रात्री १०:१६

हा माणूस आता झोपू देणार नाही.

---

मांडवीचा_भाऊ
गुरुवार, सकाळी ११:४०

आमच्या खाली किराणा घाऊकचं दुकान, मालक जैन, तीन पिढ्यांचा शेजार. दिवाळीला त्यांचं चोपडापूजन बघायला मी लहानपणापासून जातो, कारण पेढे मिळतात. नवा लाल चोपडा, पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक आणि ‘श्री’चा मनोरा: वर एक श्री, खाली दोन, मग तीन, असा उतरत जातो. मग मागणी लिहायची: गौतमस्वामीनी लब्धि होजो, अभयकुमारनी बुद्धि होजो, बाहुबलीनुं बळ होजो. यादी मोठी आहे, प्रत्येकाकडून एकेक गुण उसना. हल्ली हिशेब सगळा कॉम्प्युटरवर. तरी लाल चोपडा येतोच. त्यात पूजेच्या पानापलीकडे काही लिहीत नाहीत. मी शेठना विचारलं, कोऱ्या वहीची पूजा कशाला? म्हणाले, ‘कॉम्प्युटरला चांदलो (कुंकवाचा टिळा) केला तर पडदा खराब होतो ने!’

त्यांच्याकडचं कल्पसूत्र मात्र वेगळीच चीज. पर्युषणात ग्रंथ घरी आणण्याचा मान बोलीने ठरतो, जो जास्त बोलेल त्याचा. वाजतगाजत मिरवणूक, रात्री ग्रंथापुढे भक्ती, सकाळी परत उपाश्रयात, म्हणजे साधूमहाराजांच्या मुक्कामी. शेवटच्या दिवशी मूळ सूत्र वाचतात ते अर्धमागधीत, भरभर, चित्रांची पानं सगळ्यांना दाखवत. शेठ दरवर्षी बसतात. समजतं किती, विचारलं. म्हणाले, ‘समजतं ते महाराजांना. आम्ही ऐकतो.’

बोलीचे पैसे, मिरवणूक, सगळं दिखाऊ वाटेल. मला आधी वाटायचं. पण आपल्या संमेलनाच्या ग्रंथदिंडीत काय असतं? २०१८ला ९१वं संमेलन इथे झालं तेव्हा मीही फेटा बांधून चाललो. पालखीत कुठले ग्रंथ होते ते आजही सांगता येणार नाही. लेझीम छान होतं.

---

काचेची_जमीन
गुरुवार, रात्री ८:५५

मांडवीचे भाऊ, मिरवणुकीचा विषय काढलात तर गुजरातची सगळ्यांत जुनी गोष्ट हीच. जैन पंडित हेमचंद्राचार्यांचं व्याकरण पुरं झालं तेव्हा सिद्धराजाने ते हत्तीवर ठेवून पाटणमध्ये मिरवलं, अशी परंपरा सांगते. व्याकरण, हं! कथा नाही, स्तोत्र नाही. हत्तीला अंबारीतलं ओझं काय आणि कसलं, फरक पडला नसेल.

ते पाटण पुढे बडोदा संस्थानात होतं. तिथल्या ज्ञानभांडारांतली (जैनांच्या ग्रंथसंग्रहांतली) ताडपत्रं बघायला सयाजीराव महाराजांनी चिमणलाल दलालांना पाठवलं आणि त्यातून गायकवाड ओरिएंटल सिरीज ही ग्रंथमाला उभी राहिली. पहिला ग्रंथ काव्यमीमांसा, १९१६. म्हणजे शतकानुशतकं ज्यांची पूजा झाली, ती पानं छापून बाहेर आली ती इथे, आपल्या गावात. पण ती तोवर टिकली कशी? ज्ञानपंचमीमुळे. कार्तिक शुद्ध पंचमीला पोथ्या बाहेर काढायच्या, झटकायच्या, नवं वेष्टन घालायचं, पूजायच्या. पावसाळा संपलेला असतो, दमट गेलेलं असतं. कुणी वाचो न वाचो, वर्षातून एकदा वारा लागायचा.

आता माझी कबुली. मी काही वर्षं मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत रोज बसायचो, परीक्षांसाठी. बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल महाराजांनी १९१०मध्ये आणला, तो १९१३पर्यंत होता. गावोगाव लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तकं, मराठी-गुजराती-इंग्रजी तिन्ही भाषांत निघणारी ‘लायब्ररी मिसेलनी’, हे सगळं त्या काळातलं. महाराजांचा सगळा आग्रह वाचण्यावर. पूजा नको, कुलूप नको, माणसाच्या हातात पुस्तक द्या.

आणि तिथली पुस्तकांची दालनं पाहिलीत का कधी? लोखंडी मांडण्या मजल्यावर मजला चढवलेल्या आणि मधली जमीन जाड काचेची, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा, दिव्याची आग नको. पहिल्यांदा शिपायाने आत सोडलं तेव्हा मी मान वर केली तर डोक्यावर दोन बुटांचे तळवे. कुणीतरी वर चालत होतं, पुस्तकांच्या डोक्यावरून, चप्पल-बूट घालून. मी आमच्या आजीच्या हाताखाली वाढलेलो, पुस्तकाला पाय लागला की हात लावून कपाळाला लावायचा. मी तिथे खालून नमस्कार केला. कुणाला ते माहीत नाही. त्या शिपायानेही पाहिलं नसावं.

पुढे सवय झाली. पण दोन-तीन वर्षं तरी मी तिथे वरच्या मजल्यावर चप्पल काढून हातात घ्यायचो.

---

झिरमिळ्या
शुक्रवार, सकाळी ९:१०

मी कागद दुरुस्तीचं काम करते, म्हणून रंगाचा बेरंग करते. ज्ञानपंचमीचं म्हणणं पटलं, पण पूजेनं पोथ्या मेल्यात त्याही मोजा. कुंकू ओलं झालं की डाग जात नाही. तुपाचं बोट लागलं की पानाला अर्धपारदर्शक खिडकी पडते. उदबत्तीची राख, कापराची काजळी, फुलाखाली चिकटलेली पानं, आणि फुलाच्या ओलीवर येणारी बुरशी. जुन्या लिखाऱ्यांना हे ठाऊक होतं. हस्तलिखितांच्या शेवटी पुस्तकच आपल्याला विनवतं: तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्, मूर्खहस्ते न दातव्यम्. तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्ख, यांच्यापासून वाचवा. आपण तिन्ही गोष्टी वाहून शेवटी त्याला कपाळ टेकतो.

सुरसागरकाठ, उघडणार असाल तर: हात कोरडे, टेबल मोकळं, पंखा बंद. चिकटलेलं पान ओढू नका. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर नाहीच नाही. डांबरगोळ्या त्यात टाकू नका. खारवा नवा लावायचा तर आधी दोनदा धुऊन रंग जातोय का बघा, नाहीतर साधं मांजरपाट. पूजा करायचीय तर हळदकुंकू पाटाला लावा, पोथीला नको. देवीला चालतं, मी विचारून घेतलंय.

---

शंकासुर
शुक्रवार, सकाळी ९:४५

बरं, मीही सांगून टाकतो. वडील गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर शब्दकोडी आणि एक अर्धी वाचलेली कादंबरी होती, बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं. चार वर्षं झाली. टेबल पुसतो, पुस्तक उचलतो, पुसतो, तिथेच ठेवतो. मी वाचलेलं नाही, तिकीटही हललेलं नाही. आता बोला.

---

माजघर
शुक्रवार, सकाळी १०:०२

काही बोलत नाही. 🙏

---

सुरसागरकाठ
रविवार, रात्री ११:२०

उघडली.

आत्याला मी झिरमिळ्या यांचं आणि काचेची_जमीन यांचं वाचून दाखवलं. ज्ञानपंचमीचं ऐकून म्हणाली, ‘वारा लावायचा असेल तर लाव.’ वाचायला नाही, वारा लावायला. चला.

गाठ सुटेना, कात्री लावू दिली नाही, दाभणाने अर्धा तास लागला. आत उभे अरुंद कागद, दुमडलेले, एकात एक. अक्षर मोडी. माझ्या घरात मोडी वाचणारं शेवटचं माणूस पणजोबा. पहिल्या कागदावर वर ‘श्री’ कळलं, पुढे ओळीच्या ओळी आणि डाव्या-उजव्या अंगाला आकडे. ज्ञानेश्वरीत बेरजा नसाव्यात, एवढं मलाही समजलं.

पानांमध्ये आपट्याची सुकलेली पानं. किती तरी. पुजताना वरून खोचलेली, काहींचा नुसता तपकिरी ठसा उरलाय. आत्या तीच उचलून बघत बसली.

आज बोरूबहाद्दर स्वतः वाड्यावर आले (नावगाव सांगत नाही, चहाही अर्धाच घेतला). त्यांनी वाचलं. पागेचा हिशेब आहे. आमचे पूर्वज पागेकडे कारकून होते, हे एवढं खरं निघालं. ‘छ १२ सफर’ अशा मुसलमानी महिन्यांतल्या तारखा (छ म्हणजे चंद्र), आणि खाली घोड्यागणिक चंदी, म्हणजे खुराक. हरभरा किती शेर, वैरण किती पेंढ्या, नालबंदीचे किती, मोतद्दाराचा (घोडा सांभाळणाऱ्याचा) पगार. एका ठिकाणी ‘मोती घोडी, पोट बिघडलें, गूळ पावशेर जादा’. त्याच्या खाली चार दिवस गूळ लागतोय, पाचव्या दिवशी नाही. मी त्या पाचव्या दिवसापाशी अडकलो. बरी झाली की गेली? पुढच्या बंदावर (दुमडलेल्या कागदावर) बोरूबहाद्दरांनी शोधून दिली: मोती, हरभरा दोन शेर. बरी झाली.

चुलतभाऊ फोनवर इतका हसला की फोन ठेवावा लागला. ‘सव्वाशे वर्षं आपण घोड्यांच्या खुराकाला नमस्कार केला!’ खरं सांगतो, मलाही जरा खजील झाल्यासारखं झालं. आत्या काही बोलली नाही, आत गेली.

---

बोरूबहाद्दर
रविवार, रात्री ११:५८

मोडी वाचणाऱ्याकडून एक गोष्ट. त्या कापडाला दफ्तरात ‘रुमाल’ म्हणतात. जुन्या दफ्तरखान्यांत अजूनही रुमालांनीच मोजणी होते. तुमच्या घरात तो देवाचा खारवा झाला, पण गाठ कारकुनाचीच होती, दफ्तराची गाठ मला ओळखता येते.

आणि खजील कशाला व्हायचं? खंडेनवमीला शिपाई तलवार पुजतो, सुतार रंधा, तसा कारकून दौत, लेखणी आणि दफ्तर. तुमच्या त्या पूर्वजांनी पोथी म्हणून काही ठेवलंच नसावं. आपलं हत्यार ठेवलं असावं पाटावर. पागेचा माणूस, तर दसऱ्याला घोड्यांचीही पूजा असायचीच. चाकरी गेली, मोडी गेली, हत्यार तेवढं पाटावर राहिलं. मग कुणीतरी लहान मुलाने विचारलं असेल ‘हे काय आहे?’ आणि मोठ्याला सांगता येईना. पुढची ज्ञानेश्वरी तिथे जन्मली असावी. हे माझं अनुमान, पुरावा मागू नका.

---

मांडवीचा_भाऊ
सोमवार, सकाळी ८:३०

म्हणजे चोपडाच निघाला ने शेवटी! शेठना सांगतो. खूश होतील.

---

झिरमिळ्या
सोमवार, सकाळी ९:००

आपट्याची पानं फेकू नका. वेगळ्या कागदी पाकिटात, कुठल्या बंदामधून निघाली ते पेन्सिलने लिहून. पेन्सिलने.

---

सुरसागरकाठ
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी ४:१०

उशीर झाला, पाहुणे होते. वाड्यातला शेवटचा दसरा, म्हणून पुण्याचेही सगळे आले.

सगळ्या बंदांचे फोटो काढून झालेत, बोरूबहाद्दर सवडीने वाचणार आहेत. मूळ कागद आत्या आहे तोवर आत्याकडे, माझ्या फ्लॅटच्या देवघरात. संस्थेचा अर्ज आता भरता येईल, पण घाई नाही.

सकाळी पाट मांडला. धुतलेलं मांजरपाट, नवी गाठ (बोरूबहाद्दरांनी व्हिडिओ कॉलवर शिकवली, तीनदा चुकली). शेजारी पोरांची पुस्तकं, एक टॅब, आजोबांचं पेन. हळदकुंकू पाटाला लावलं. मी साखरेची वाटी आणायला उठलो तर आत्याने हात धरून बसवलं. रात्रीच तिने वाटीभर हरभरे भिजत घातले होते. तेच ठेवले, वर गुळाचा खडा.

‘किती?’ मी विचारलं.

‘पावशेर,’ म्हणाली.